लेख राजाचा, भाव बाजाराचा : गोव्याच्या सांव तोमे नाण्याचं एक वाचन

(शिरवळ इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषयाचं नाव वाचून काहींना प्रश्न पडला असेल. गोव्यातलं, पोर्तुगिजांचं, साडेचारशे वर्षांपूर्वीचं सोन्याचं नाणं. त्याचा आपल्या नीराकाठाशी काय संबंध? इथे सुभानमंगळावर बोला, डोंगरातल्या लेण्यांवर बोला. प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर द्यायला मला आधी घरातली एक गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या आजीकडे पुतळ्यांची माळ होती. पुतळी म्हणजे काय हे इथल्या बायकांना सांगायला नको. रुपयाएवढं सोन्याचं पान, त्यावर उभी माणसं. आमच्या माळेतल्या पुतळ्या भरीव होत्या. लहानपणी मी आजीला विचारायचो, ही माणसं कोण? ती म्हणायची, राम आणि सीता. मधे ती काठी कसली? ती म्हणायची, रामाचं धनुष्य असेल. मी सोळा वर्षांचा असताना विहिरीचं काम अर्ध्यात अडलं आणि ती माळ मोडायचं ठरलं. वडिलांबरोबर सराफाकडे मीच गेलो होतो. त्यांनी माळ सुटी केली, एक पुतळी कसोटीवर घासली, सगळ्यांचं वजन केलं, तूट धरली, पैसे मोजले. सगळा व्यवहार अर्ध्या तासात झाला. विहिरीला पाणी लागलं, त्याबद्दल तक्रार नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी एका पुस्तकात मी एका नाण्याचं चित्र बघितलं आणि हातातला चहा तसाच राहिला. तेच दोघं, मधे तीच काठी. ते नाणं व्हेनिसचं होतं, डुकाट. उभा होता तो संत मार्क, त्याच्यासमोर गुडघे टेकून होता तो व्हेनिसचा डोजे, म्हणजे तिथला निवडून दिलेला सत्ताधीश. मधे होती ती झेंड्याची काठी. व्हेनिसमध्ये हे नाणं १२८४ पासून पाडलं जात होतं. व्यापारातून ते आपल्याकडे इतकं आलं, की आपल्या सोनारांनी त्याच्या नकला करायला सुरुवात केली आणि त्याची माळ झाली. आमच्या माळेतल्या पुतळ्या अस्सल व्हेनिसच्या होत्या की इथल्याच कुणा सोनाराच्या हातच्या, हे आता कधीच कळणार नाही. त्या वितळल्या.

म्हणून आजचा विषय. आपण नाणं वजन करून घेतो, पण वाचत नाही. आणि जे वाचतात, ते बरेचदा फक्त त्यावरची अक्षरं वाचतात, वजन विसरतात. दोन्ही वाचनं अर्धी आहेत. हे मला एका नाण्यावर दाखवायचं आहे.

आता गोव्याकडे जाऊ.

नाण्याचं नाव सांव तोमे. म्हणजे संत थॉमस. गार्सिया द सा नावाचा गव्हर्नर १५४८-४९ मध्ये गोव्यात होता, त्याच्या कारकिर्दीत हे सोन्याचं नाणं निघालं. एका बाजूला पोर्तुगालचं राजचिन्ह, मुकुट असलेली ढाल. भोवती लॅटिन अक्षरांत राजाचं नाव : तिसरा जुआंव, पोर्तुगालचा आणि आल्गार्व्हचा राजा. दुसऱ्या बाजूला संत थॉमसची आकृती, आणि तिच्याभोवती तीन शब्द : 'इंडिया तिबी चेस्सित'. अर्थ असा, की 'इंडिया तुझ्या स्वाधीन झाली', 'तुला शरण आली'. आज ही नाणी अतिशय दुर्मिळ आहेत. लिलावात आलं तर त्याची बातमी होते.

त्या तीन शब्दांवर थोडं थांबू. सगळी मेख तिथे आहे.

पहिली गोष्ट, क्रियापद भूतकाळी आहे. शरण येईल असं नाही, येत आहे असंही नाही. आली. काम झालं. आता १५४९ चा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पोर्तुगिजांच्या हातात काय होतं? तिसवाडीचं बेट, १५४३ मध्ये आदिलशहाकडून मिळालेले बारदेश आणि साष्टी, वसईचा पट्टा, चौलची वसाहत, दीवचा किल्ला, खाली कोचीन वगैरे मलबारातली ठाणी. समुद्राला चिकटलेली एक माळ म्हणा. आत कोण होतं? विजयनगर होतं, विजापूर होतं, अहमदनगर होतं. घाट चढून इथवर यायची पोर्तुगिजांची ताकद नव्हती. आपल्या शिरवळच्या बाजारातल्या माणसाला 'तू पोर्तुगालच्या राजाला शरण गेलास' असं कुणी सांगितलं असतं, तर त्यानं विचारलं असतं, कधी? (हशा)

मग हे लिहिलं का? इथे युरोपातलं वातावरण लक्षात घ्यायला हवं. तो काळ रेनेसाँसचा. आपण त्याला प्रबोधनकाळ म्हणतो. जुन्या रोमची सगळ्यांना ओढ लागलेली. मूर्ती रोमसारख्या, कमानी रोमसारख्या, नाण्यावरची अक्षरं रोमसारखी आणि विजयसुद्धा रोमसारखा. गार्सिया द साच्या आधी गोव्यात जुआंव द कास्त्रो होता. १५४६ मध्ये त्यानं दीवचा वेढा मोडला. १५४७ मध्ये तो गोव्यात परतला तेव्हा त्याची मिरवणूक निघाली ती रोमन सेनापतीसारखी, डोक्यावर पानांचा मुकुट घालून. त्याच्या पुढच्याच गव्हर्नरनं हे नाणं पाडलं. तेव्हा 'इंडिया शरण आली' हे वाक्य त्या मिरवणुकीच्या भाषेतलं आहे. उत्सवातली घोषणा आहे ती.

आता त्याच कास्त्रोची दुसरी गोष्ट ऐका. दीव वाचलं, पण तटबंदीची धूळधाण झाली होती. पुन्हा बांधायला पैसा नव्हता. त्यानं गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं, वीस हजार पर्दाव. तारण काय ठेवलं? स्वतःच्या दाढीचे केस. गोवेकरांनी कर्ज दिलं आणि केस परत पाठवले. पोर्तुगीज इतिहासकार ही गोष्ट त्याच्या प्रामाणिकपणाचं उदाहरण म्हणून सांगतात, आणि तो माणूस प्रामाणिक होताही. पण टीकाकार म्हणून मी त्यात दुसरं काहीतरी बघतो. ज्यांना इंडिया शरण आली होती, त्यांच्याकडे भिंत बांधायला पैसे नव्हते.

आणि कर्ज कशात मागितलं? पर्दावात. पर्दाव हा शब्द कुठला? 'प्रताप' या शब्दाचं पोर्तुगीज रूप. विजयनगरच्या अर्ध्या होनाला प्रताप म्हणत. म्हणजे जेत्याचा हिशेबही इथल्या नाण्याच्या नावानं चालायचा. चांदीच्या नाण्याला ते शेराफिन म्हणत, ती आपली अशरफी. पुऱ्या होनाला पॅगोडा म्हणत, कारण त्यावर देवाची मूर्ती असायची. राज्य त्यांचं, पण पैशाची भाषा इथली. उलट दिशेनंही शब्द आले बरं का. आपण महिन्याच्या एक तारखेला ज्याची वाट बघतो तो 'पगार' पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे. पैशाच्या बाबतीत शब्द असेच दोन्हीकडून ये-जा करतात.

आता त्या तीन शब्दांतला मधला शब्द. 'तिबी'. तुला. हा 'तू' कोण?

नाण्याची राजाची बाजू वर असेल, तर वाटतं राजा. पण वाक्य राजाच्या बाजूला नाही, संताच्या बाजूला आहे. म्हणजे संत थॉमसला उद्देशून आहे. ख्रिस्ताचा हा शिष्य भारतात आला आणि मैलापूरला त्याचं दफन झालं अशी श्रद्धा आहे. पोर्तुगिजांनी तिथे आपली वसाहत केली आणि तिलाही त्याचंच नाव दिलं. 'हे थॉमस, तू ज्या देशात आलास तो अखेर तुझा झाला', असा अर्थ लागतो. पण मग पाठीमागचा राजा कशाला? संत पुढे, राजा मागे. राजाची मागणी संताच्या तोंडून. नाणं उलटलं की 'तू' बदलतो. ही चतुराई मला मान्य करावी लागते. तीन शब्दांत धर्म आणि सत्ता यांचा सांधा असा बसवला आहे की फट दिसत नाही.

पण याच चतुराईत उणीव आहे, आणि ती दिसायला व्हेनिसचं नाणं शेजारी ठेवावं लागतं. माझ्या आजीच्या पुतळीचं मूळ रूप. त्याच्या मागच्या बाजूला ताऱ्यांच्या मधोमध ख्रिस्त उभा आहे आणि भोवती लॅटिन लेख आहे. त्यातही 'तिबी' हाच शब्द आहे! मतलब असा, की 'हे ख्रिस्ता, तू ज्याच्यावर राज्य करतोस ते हे राज्य तुला अर्पण असो'. आता फरक बघा. व्हेनिस जे अर्पण करत होतं ते त्याचं स्वतःचं होतं. छोटं राज्य, पण आपलं. वाक्य प्रार्थनेचं : असो. गोव्याचं नाणं जे अर्पण करतं ते त्याच्या हातातच नाही, आणि वाक्य निकालाचं : झालं. एकच 'तुला', पण एक नम्र आणि एक उसना. म्हणून मी म्हणतो की लेखनाच्या दृष्टीनं सांव तोमे हे डुकाटपेक्षा कमी प्रतीचं आहे. त्याचा लेख मोठा आहे, पण त्या लेखामागे तितकी जमीन नाही.

ही माझी चारशे वर्षांनंतरची मल्लिनाथी आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. बाजारानं हा निकाल त्याच काळात दिला होता.

१५८३ ते १५८८ या काळात लिन्स्कोटन नावाचा एक डच तरुण गोव्यात होता. तिथल्या आर्चबिशपच्या पदरी कामाला. त्यानं गोव्याचं बारीक वर्णन लिहून ठेवलं आहे, आणि त्यात नाण्यांवर एक प्रकरण आहे. तो सांगतो की रस्त्यारस्त्यावर नाणी पारखणारे बसलेले असत, आणि त्यांनी बघितल्याशिवाय कुणी पैसा घेत नसे. त्या पारख्यांना तो काय म्हणतो? 'शाराफो'. सराफ! तोच शब्द. माझ्या माळेची पुतळी कसोटीवर घासली त्यांचाच हा व्यवसाय. राजाचं चिन्ह आहे, संत आहे, लॅटिन आहे, तरी सराफ म्हणणार, आधी घासू द्या.

आणि भाव? लिन्स्कोटन सांगतो त्याप्रमाणे विजयनगरचा पॅगोडा साधारण आठ तांगा. तांगा म्हणजे तिथला हिशेबाचा पैसा, पाच तांग्यांचा एक शेराफिन. सांव तोमे सात-आठ तांगा. आणि व्हेनिसचं नाणं दोन शेराफिन, म्हणजे दहा तांगा. आता हे आकडे लेखाशेजारी ठेवा. ज्याला इंडिया शरण आल्याचं लिहिलं आहे, ते नाणं गोव्यातच, पोर्तुगिजांच्या राजधानीत, होनाच्या बरोबरीचं किंवा किंचित खाली. आणि ज्या व्हेनिसची भारतात बोटभर जमीन नव्हती, त्याचं नाणं सगळ्यांच्या वर.

का बरं? कारण डुकाटचा कस शतकानुशतकं बदलला नाही. जवळजवळ चोख सोनं, साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजन, ठसाही तोच. राज्यकर्ते बदलले, नाणं बदललं नाही. म्हणून मराठवाड्यातल्या, कोकणातल्या, देशावरच्या बाईनं ते गळ्यात घातलं. तिला डोजेचं नाव माहीत नव्हतं. तिला त्या सोन्याची खात्री होती, आणि खात्री असल्यावर त्यावरच्या माणसांना तिनं राम आणि सीता केलं. परक्या नाण्याला आपलं करून घेण्याचा हा मार्ग आहे. सभासद बखरीत महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी आहे, त्यात देवराई, अच्युतराई अशा होनांबरोबर पुतळ्याही आहेत. म्हणजे मराठ्यांच्या खजिन्यातही व्हेनिसचं नाणं, आपल्या नावानं.

इथे जरा मागे जाऊ. कारण गोव्यातलं पोर्तुगिजांचं पहिलं सोन्याचं नाणं सांव तोमे नव्हे. ते अल्बुकर्कचं. १५१० च्या सुरुवातीला त्यानं गोवा घेतलं, आणि लगेच मार्चमध्ये टांकसाळ सुरू केली. सोनं, चांदी, तांबं, तिन्ही. सोन्याच्या नाण्याला राजाच्या नावावरून मानुएल म्हणत. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला राजा मानुएलचं आवडतं चिन्ह, खगोलाचा गोल. वाजतगाजत मिरवणूक निघाली, नाणी लोकांत उधळली.

पण टांकसाळ मुळात उघडली कुणाच्या सांगण्यावरून? अल्बुकर्कच्या मुलानं बापाची हकिकत लिहिली, तिच्यात हे आहे. गावात नाण्यांची टंचाई झाली म्हणून इथल्याच लोकांनी मागणी केली. अल्बुकर्क आधी कचरला, कारण नाणं पाडणं हा राजाचा अधिकार. लोक पुन्हा आले, तेव्हा त्यानं मान्य केलं. म्हणजे नाण्यावर राजाची सही आहे, पण अर्ज बाजाराचा आहे. आणि पुढची गंमत अशी, की काही आठवड्यांतच, मे महिन्यात, आदिलशाही फौजेनं त्याला गोव्यातून बाहेर काढलं. नोव्हेंबरमध्ये तो परत आला. मधल्या काळात ज्याच्या कनवटीला मानुएल होतं, त्याच्याकडे गेलेल्या राज्याचं नाणं होतं. ते त्यानं फेकून दिलं असेल का? सोनं कोण फेकतं?

आता माझा मुद्दा एकत्र मांडतो. परक्या सत्तेचं नाणं हे दोन भाषांत बोलतं. लेख ही सत्तेची भाषा. कस आणि वजन ही बाजाराची भाषा. लेखात सत्ता काय मागते ते कळतं. वजनात तिला काय मान्य करावं लागलं ते कळतं. सांव तोमेचा लेख म्हणतो, शरण आली. त्याचा भाव म्हणतो, आम्ही इथल्या होनाच्या रांगेत उभे आहोत. टीकाकाराचं काम या दोन भाषा शेजारी ठेवायचं आहे.

हे काम होत नाही, अशी माझी तक्रार आहे. आणि ती दोन गटांविरुद्ध आहे.

पहिला गट कॅटलॉगवाल्यांचा. तिथे नाण्याचं वर्णन असतं : धातू, वजन, व्यास, अवस्था, आणि मग 'अतिदुर्मिळ'. दुर्मिळ का, हे कुणी विचारत नाही. दुर्मिळता ही जणू नाण्याची जात असल्यासारखी. अहो, सोन्याचं नाणं दुर्मिळ होतं ते बहुतेक वेळा लोकांनी ते वितळवलं म्हणून. दागिना केला, दुसऱ्या राजानं आपल्या टांकसाळीत घातलं, सराफानं आटवलं. म्हणजे दुर्मिळता हासुद्धा एक निकाल आहे, आणि तो लोकांनी दिलेला आहे. शिवराई तांब्याची, ती आजही नदीकाठी सापडते. शिवरायांचा सोन्याचा होन बघायला मिळणं कठीण. दोन्ही आपलेच, पण एक सोनं आणि एक तांबं.

या बाबतीत एका माणसाचं नाव आदरानं घ्यायला हवं. डॉ. जोसे गेर्सन द कुन्हा. गोव्याचे, हडफड्याचे. जन्म १८४४. मुंबईत डॉक्टरी करायचे. १८८० च्या सुमारास त्यांनी इंडो-पोर्तुगीज नाण्यांवर इंग्रजीत अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची जागा बघा कशी अवघड. स्वतः ख्रिस्ती, पोर्तुगीज प्रजा, राहायला ब्रिटिश मुंबईत. तरी त्यांनी नाण्याचा लेख, टांकसाळीची फर्मानं आणि इथल्या होनांशी असलेलं नातं असं सगळं एका टेबलावर आणलं. आपल्याकडे त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे.

दुसरा गट आपला. आपण म्हणतो, ही गुलामीची खूण, कशाला बघायची? मला हा राग कळतो. गोव्यात पुढे इन्क्विझिशन आलं, १५६० मध्ये. देवळं पाडली गेली, माणसं गावं सोडून गेली. 'शरण आली' या शब्दांमागे ते सगळं उभं आहे, आणि मी नाण्याच्या सौंदर्याचं कौतुक करताना ते विसरत नाही. पण राग आला म्हणून डोळे मिटले, तर आपण लेखावर विश्वास ठेवला असं होतं. नाण्यानं सांगितलं 'इंडिया शरण आली' आणि आपण म्हणालो 'हो, आलो होतो'. मी म्हणतो, थांबा, नाणं उलटा, वजन करा, सराफाला विचारा. सराफ त्या दिवशीसुद्धा शरण गेला नव्हता.

आता या सगळ्याचा शेवट आपल्या इतिहासात, आणि इथून फार लांब नाही. रायगड. जून १६७४. राज्याभिषेकाला मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन आला होता. त्यानं कराराची वीस कलमं आणली होती. त्यांतलं एक कलम नाण्यांचं होतं. इंग्रजांनी १६७२ मध्ये मुंबईत टांकसाळ घातली होती, आणि त्यांचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं अशी मागणी होती.

महाराजांकडून आलेलं उत्तर इंग्रजांच्याच कागदांत नोंदलेलं आहे. ते माझ्या शब्दांत सांगतो. हे कलम करारात घालायची गरज नाही. कुठल्याही नाण्याला आमच्याकडे बंदी नाही. पण ज्या नाण्यात रयतेचं नुकसान आहे ते घ्या, अशी सक्ती आम्ही रयतेवर करणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं चोख आणि वजनदार असेल, तर आमची मनाई नाही.

विचार करा. स्वतःच्या नावाचा होन त्याच वेळी पाडणारा राजा हे बोलतो आहे. त्या होनावर देवनागरीत एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. फारसी नाही, लॅटिन नाही. आणि दावा केवढा? स्वतःचं नाव आणि पद. अमुक देश शरण आला, असं काही नाही. लेख छोटा, आणि त्यामागे जमीन पूर्ण. शिवाय परक्या नाण्याला उत्तर काय, तर कस दाखवा. मला यात एक मोठा टीकाकार दिसतो. लेख वाचून तो घाबरला नाही, आणि लेख वाचून रागावलाही नाही. त्यानं नाणं कसोटीवर घासायला सांगितलं, आणि कसोटी रयतेच्या हातात दिली.

आता शेवटचं, आणि ते आपल्या गावाचं आहे. नीरेच्या काठानं आता कारखाने आले, रस्ते रुंद झाले, रोज कुठेतरी पाया खणला जातो. खणताना काही सापडलं तर? कायदा आहे, १८७८ चा, भूमिगत धनाचा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं, तर कलेक्टरला कळवायचं. सरकारला ते धन ठेवून घ्यायचं असेल तर सापडणाऱ्याला काय मिळतं? धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. बघा, कायद्यानंसुद्धा नाणं वितळवूनच मोजलं! लेखाची किंमत, इतिहासाची किंमत, सगळी मिळून वीस टक्के. मग ज्याला सापडतं तो गुपचूप सराफाकडे जातो, यात सगळा दोष त्याचा नाही. हा कायदा बदलायला हवा, सापडणाऱ्याला नाण्याच्या खऱ्या किमतीचा वाटा मिळायला हवा. तोपर्यंत माझी विनंती एवढीच, की वितळण्याआधी बघा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. विचारायला जागा आहेत.

दोन-तीन प्रश्न घेऊ या.

प्रश्न : सर, तुम्ही म्हणता सराफ शरण गेला नाही. पण कर तर त्याला पोर्तुगिजांनाच भरावा लागत होता. हे थोडं गोड करून सांगणं नाही का?

उत्तर : प्रश्न चांगला आहे आणि टोचणारा आहे. हो, बळाच्या बाबतीत तो दुबळाच होता. नाणं घासून त्यानं राज्य उलथवलं नाही. मी एवढंच म्हणतो की त्याच्या हातात एक अधिकार शिल्लक होता, खरं-खोटं ठरवायचा, आणि तो त्यानं सोडला नाही. तो अधिकार छोटा आहे हे मान्य. पण नाण्यावरचा लेख म्हणतो की काहीच शिल्लक नव्हतं. ते खोटं आहे, इतकंच.

प्रश्न : तुम्ही शिवाजी महाराजांचं उदाहरण दिलंत. पण स्वतःच्या मुलखात स्वतःचंच नाणं चालवणं हे राजाचं कर्तव्य नाही का? ही ढिलाई नाही का?

उत्तर : तेव्हाच्या बाजारात पन्नास तऱ्हेचे होन चालत होते. एका दिवसात सगळे बंद केले असते तर मेला असता शेतकरी, कारण बट्टा त्याच्याकडून कापला गेला असता. 'रयतेला तोटा होईल ते नाही' हे वाक्य म्हणजेच राजाचं कर्तव्य आहे, असं मी मानतो.

प्रश्न : (मागच्या रांगेतून एक ताई) आमच्या घरी सासूबाईंच्या पुतळ्या आहेत. त्या खऱ्या की नकली ते माहीत नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी त्या चिंचेनं किंवा पावडरनं घासू नका. नवी कडी डागू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, प्रत्येकीचं वेगळं वजन लिहून ठेवा, आणि सासूबाईंना त्या कुणाकडून मिळाल्या ते विचारून त्याच कागदावर लिहा. नकली निघाल्या तरी वाईट वाटून घेऊ नका. इथल्या सोनारानं व्हेनिसची नक्कल केली, हाही इतिहासच आहे. आणि त्यावरची माणसं कोण, असं नातवानं विचारलं तर दोन्ही उत्तरं द्या. संत मार्क आणि डोजे हे एक, आणि सासूबाई काय म्हणायच्या ते दुसरं. मला माझ्या आजीचं उत्तर आठवतं. पुतळ्या तेवढ्या राहिल्या नाहीत.